हिंटरबाखचे सरपंच मोहखेडीत

"महापौर म्हणायचं, मेश्राम. सरपंच नाही." देवस्थळे साहेबांनी जीपच्या पुढच्या सीटवरून मान वळवून पुन्हा एकदा बजावलं.

"पण साहेब, ते सरपंचच होते."

"जर्मनीत सरपंच नसतात."

हे त्यांनी इतक्या ठामपणे सांगितलं की क्षणभर मलाच शंका आली. माझ्या शेजारी हेर झेलर बसले होते. हेर म्हणजे श्रीयुत. गुडघ्यावर टोपी ठेवून ते बाहेरची पऱ्हाटी बघत होते. आपल्या हुद्द्यावरून पुढे वाद चालला आहे याची त्यांना कल्पना नव्हती. त्यांनी मला विचारलं, "हे लाल फुलांचं काय पीक?" मी म्हटलं, "ते पीक नाही, कपाशीत उभी केलेली अंबाडी आहे." या आंबट पालेभाजीला जर्मन शब्द मला येत नव्हता, म्हणून मी "आंबट झुडूप" असं भाषांतर करून दिलं. आमचं कामच असं.

काम काय, ते आधी सांगतो. नागपूरजवळ हिंगण्याकडच्या एका कारखान्यात मी टेक्निकल ट्रान्सलेटर कम इंटरप्रिटर होतो. नाव मोठं, पण मूळचा मी फिटर. कंपनीचा करार जर्मन कंपनीशी झाला, तेव्हा काही जणांना ट्रेनिंगला पाठवलं. त्यात मी होतो. बाकीचे मशीन शिकून आले. मी मशीन बेताचंच शिकलो, पण भाषा उचलून आणली. तीही पुस्तकातली नाही, वर्कशॉपमधली. त्यामुळे पहिली काही वर्षं मी जर्मनीहून आलेल्या बड्या इंजिनियरांशी खेड्यातल्या लोहारासारखं बोलत असे आणि ते का हसतात हे मला कळत नसे. आमच्या सौभाग्यवतीचं म्हणणं वेगळंच. "घरी विचारलं तर हूं का चूं नाही, आणि तिकडे दोन-दोन माणसांचं बोलता!"

ट्रान्सलेटर लिहिलेलं भाषांतर करतो, इंटरप्रिटर बोललेलं. इंटरप्रिटरचे दोन नियम. एक, बोलणाऱ्याच्या अर्धं पाऊल मागे उभं राहायचं. दोन, तो "मी" म्हणाला की आपणही "मी" म्हणायचं. "ते म्हणतात की त्यांचं पोट दुखतं" असं नाही. सरळ "माझं पोट दुखतं." कारखान्यात सगळ्यांना हे सवयीचं झालं होतं. बाहेर मात्र गोंधळ व्हायचा. एकदा नागपुरातल्या एका डॉक्टरांनी जर्मन पाहुण्याऐवजी मलाच तपासायला टेबलावर झोपवलं होतं.

झेलर आले होते नवीन प्रेस उभा करायला. प्रेस म्हणजे पत्रा दाबून आकार देणारं अवजड मशीन. ते मोंटेअर होते, म्हणजे मशीन जागेवर बसवून चालू करून देणारा कारागीर. एक दिवस कँटीनमध्ये जेवताना बोलता बोलता ते म्हणाले, मी बरीच वर्षं आमच्या गावाचा ब्युर्गरमाइस्टर होतो. देवस्थळे साहेब समोरच होते. साहेब आमचे जनरल मॅनेजर, पुण्याचे, शब्दांच्या बाबतीत तिखट कानाचे. "माइस्टर" ऐकताच त्यांनी चमचा खाली ठेवला.

"काय होते म्हणालात?"

मी सांगितलं.

"म्हणजे मेयर! महापौर!"

इथेच गोम होती. ब्युर्गरमाइस्टर हा एकच शब्द जर्मन लोक सगळ्यांना लावतात. लाखोंच्या शहराचा प्रमुख असो की चारशे माणसांच्या खेड्याचा, दोघेही ब्युर्गरमाइस्टरच. आपल्याकडे महापौर वेगळा, नगराध्यक्ष वेगळा, सरपंच वेगळा, आणि तिघांच्या खुर्च्याही वेगवेगळ्या उंचीच्या. झेलर यांचं गाव हिंटरबाख. अर्थ, ओढ्यामागचं. मी ट्रेनिंगला होतो ते शहर तिथून सायकलवर जाण्याइतकं जवळ होतं आणि झेलर आमचे शॉपमधले उस्ताद होते, म्हणून मी ते गाव पाहिलेलं आहे. दोन टेकड्यांच्या मधे एक ओढा, ओढ्याला लागून एकच रस्ता, रस्त्यावर चर्च, शाळा, खानावळ. वर सफरचंदाची झाडं आणि त्याच्याही वर गावाचं जंगल. जंगल गावाचं म्हणजे खरोखर गावाचं. दर हिवाळ्यात घरटी सरपणाची वाटणी व्हायची. फार पूर्वी तीस वर्षं चाललेल्या एका लढाईत गाव जळून गेलं. उरलेल्या थोड्या घरांत डोंगरापलीकडच्या स्वित्झर्लंडमधून माणसं येऊन राहिली. झेलर यांचे पूर्वजही त्यांतलेच. "आम्ही उपरे," ते म्हणायचे, "फक्त तीनशे वर्षांपूर्वी आलेले."

पंचायत शाळेच्या माडीवर भरायची. झेलर कारखान्यातून यायचे, हाताचं ऑईल धुवायचे आणि अध्यक्षाच्या खुर्चीत बसायचे. पगार नाही, मानद पद. मान म्हणजे रविवारीसुद्धा दारात माणसं. मी एकदा बैठकीला जाऊन बसलो होतो. जर्मन लोकशाही बघू म्हटलं. तिथे एका बैलावर चर्चा चालली होती. गावातल्या गाईंसाठी पंचायतीने एक वळू पाळलेला असायचा, कायद्याने पाळावाच लागायचा. तो म्हातारा झाला होता आणि काम करत नव्हता. त्याला काढावा की अजून एक उन्हाळा द्यावा, यावर सगळे सभासद इतक्या गंभीरपणे बोलत होते की मला नागपुरातल्या आमच्या इंदोरा वस्तीतली नळाची मीटिंग आठवली. अशा माणसाला महापौर कसं म्हणायचं?

"साहेब, चारशे माणसांचं गाव आहे," मी म्हटलं होतं.

"आपल्याला जनगणना करायची आहे का?" साहेब म्हणाले.

साहेबांना काय करायचं होतं ते कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं. दुसरा शेड बांधायचा होता. जागा फक्त एका बाजूला, आणि त्या बाजूला मोहखेडीचा तलाव. मालगुजारीच्या काळात कुणा जमीनदाराने बांधलेला, मालगुजारी गेल्यावर पंचायतीकडे आलेला. त्यात गावातले ढिवर मासे धरत आणि शिंगाडे लावत. शिंगाडा पाण्यावर पसरणारा वेल, त्याची काटेरी शिंगांची फळं हिवाळ्यात तोडायची. तलाव बुजवायचा तर वरून कितीही शिक्के आणले तरी पंचायतीचा ठराव लागणार होता. साहेबांनी गावकऱ्यांना सभागृह, रस्ता आणि प्रत्येक ढिवर कुटुंबाला एक नोकरी असं कबूल केलं होतं. तरी ग्रामसभा दोनदा मोडली होती. आता साहेबांची कल्पना अशी, की साक्षात जर्मनीचे महापौर येऊन सांगतील, की कारखाना आला आणि आमचं गाव सुधारलं.

झेलर यांना मात्र एवढंच सांगितलं होतं, की शेजारच्या गावाचे लोक तुम्हाला भेटू इच्छितात, आपल्या गावाबद्दल चार शब्द बोला. माणूस खूश झाला. नवा शर्ट घालून आला.

जीप तलावाच्या पाळीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून गेली. पाण्यावर शिंगाड्याची हिरवी चटई पसरलेली. एक बाई कमरेइतक्या पाण्यात उभी राहून वेल उलटा करून फळं तोडत होती आणि शेजारी तरंगणाऱ्या घमेल्यात टाकत होती.

"हे कुणाचं?" झेलर यांनी विचारलं.

"गेमाइंडेचं," मी म्हटलं. हा त्यांचाच शब्द. गाव, पंचायत, गावाची सगळ्यांत मिळून असलेली वस्तू, सगळं त्यात येतं.

"मग बरं आहे," ते म्हणाले.

यावर काही बोलणं माझ्या कामात बसत नव्हतं.

सभा शाळेच्या पटांगणात होती. सरपंच नामदेवराव हार घेऊन उभे. त्यांचे दोन ट्रॅक्टर होते, आणि तलावात मुरूम भरायचा झाला तर तो कुणाच्या ट्रॅक्टरने भरला जाणार हे मोहखेडीतल्या कोंबड्यांनाही माहीत होतं. एका बाजूला बाया बसल्या होत्या. त्यांच्यात मघाची पाण्यातली बाई ओल्या लुगड्यानेच येऊन बसली. सुभद्राबाई तिचं नाव. बोटांना शिंगाड्याच्या काट्यांनी चिरा पडलेल्या. नवरा नव्हता. मोठा मुलगा देवराव सुनेसह तिच्याजवळच राहत होता आणि घर त्या तलावावर चाललं होतं.

साहेबांनी भाषण केलं. प्रगती, राष्ट्र, रोजगार. मग म्हणाले, "आज आपल्यात एक फार मोठी व्यक्ती आली आहे. जर्मनीतील..." आणि माझ्याकडे बघून थांबले.

झेलर उभे राहिले, टोपी काढली आणि म्हणाले, "इश वार ब्युर्गरमाइस्टर."

मी अर्धं पाऊल मागे उभा. सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघतंय. साहेबही बघतायत.

"मी सरपंच होतो," मी म्हटलं.

हे मी काही शौर्य म्हणून केलं नाही. मला वाटलं, सरपंच म्हटलं तर लोकांना हा आपल्यातला वाटेल, त्याचं म्हणणं आपलं म्हणून ऐकतील. शिवाय तोच शब्द बरोबर होता. इतक्यात मागून एक म्हातारा उठला.

"काहून फेकून राहिले गा? तुमी तं इंदोऱ्याचे मेश्राम ना? माह्या साळ्याच्या घरासमोर राह्यता. तुमी कवा झाले सरपंच?"

हशा पिकला. मी "मी"चा नियम समजावून सांगितला. म्हातारा म्हणाला, "म्हंजे भूत त्याचं आन् अंगात तुमच्या!" इतकी चांगली व्याख्या मला कुठल्याही पुस्तकात सापडलेली नाही.

झेलर यांना लोक हसताहेत म्हणून हुरूप आला. त्यांनी ओढा सांगितला, चर्च सांगितलं, जळालेलं गाव सांगितलं. वळूची गोष्ट सांगितली. पंचायतीने बैल पाळायचा आणि तो काम करत नाही म्हणून सभा घ्यायची, हे ऐकून माणसं लोटपोट झाली. "आमच्याकडे बी हाये तसा एक, पन त्याले निवडून देतो आमी!" कुणीतरी ओरडलं. नामदेवराव सगळ्यांत मोठ्याने हसले.

मग झेलर यांचा आवाज उतरला.

"मी शेवटचा सरपंच," ते म्हणाले, म्हणजे मी म्हणालो. "आता आमच्या गावाला पंचायत नाही. सरकारने ठरवलं, लहान गावं परवडत नाहीत, शेजारच्या शहरात मिसळा. आपणहून मिसळलात तर आहेर देऊ. नाहीतर कायद्याने मिसळवू. लोक त्याला लग्नाचा आहेर म्हणायचे. आम्हाला आहेरात एक हॉल मिळाला. मोठा, काचेच्या खिडक्यांचा. मी सही केली."

माझ्या शर्टाला मागून ओढ बसली. "तेवढं गाळा," देवस्थळे साहेब पुटपुटले. "कारखान्यावर या म्हणावं."

इंटरप्रिटरने गाळायचं नसतं. शिवाय झेलर पुढे बोलतच होते आणि त्यांचं वाक्य माझ्या तोंडाशी येऊन उभं होतं.

"सही केल्यावर जंगल शहराचं झालं," मी म्हणालो. "सरपणाची वाटणी बंद झाली. शाळा बंद झाली, मुलं बसने जातात. गावात एक सल्लागार समिती आहे. ती सल्ला देते, शहर ऐकून घेतं. माझ्या घरासमोरच्या खांबावरचा दिवा गेला तर मला शहराच्या ऑफिसात जाऊन रांगेत उभं राहावं लागतं. त्या ऑफिसातली मुलगी मला विचारते, हिंटरबाख कुठे आलं?"

मागचे लोकही पुढे सरकून बसले. मला वाटलं, पोचलं.

सुभद्राबाई उभी राहिली. "साहेब, त्याइले इचारा. ते जंगल वापस भेटलं का मंग?"

मी विचारलं. झेलर यांनी मान हलवली. "नाही."

"आन् सही काहून केली?"

हे भाषांतर करून सांगणं मला जड गेलं. 

"हॉलचा नकाशा फार सुंदर होता," ते म्हणाले. "आणि सगळे म्हणत होते, नाहीतरी होणारच आहे."

"आयकलं का वं?" सुभद्राबाई बाजूच्या बायांकडे वळली. "आपलंबी असंच होनार हाये. तलाव गेला तं..."

"बस वं खाली, सुभद्रे," नामदेवराव म्हणाले.

"काहून बसू गा? तुह्या ट्रॅक्टरसाठी मी पानी सोडू?"

"बस म्हनलं ना!" आणि मग ते लोकांकडे वळले. चेहरा एकदम हसरा. "आयका, गा. पाहुणे मोठे मानूस हायेत, पन हायेत कोन? सरपंच. माह्यासारखेच. आता तुमीच सांगा, तुमी माहं आयकता का कधी?"

पुन्हा हशा. नामदेवरावांना ताल सापडला होता.

"कलेक्टर असते, मिनिस्टर असते, तं गोष्ट येगळी. सरपंचाले का समजते? त्याले सौदा करता नाई आला. एका हॉलात जंगल देऊन बसला. आपन का तेवढे येडे हाओत? आपन हॉल बी घेऊ, स्टेज बी घेऊ."

"आन् पंखे," मागून एक तरुण.

"पंखे! लिहून घ्या, साहेब, पंखे."

"बायाइले येगळी खोली पायजे लग्नात."

"सैपाकाची जागा मागं पायजे, धूर येते."

पुढची सगळी सभा हॉलवर झाली. दार पूर्वेला की रस्त्याकडे, नाव कोणाचं द्यायचं, बौद्धांच्या लग्नाला मिळणार की नाही, मिळणार तर चाव्या कोणाकडे. त्यावर चांगली भांडाभांडी झाली. दोन सभा मोडून ज्या गावाने दाद दिली नव्हती, ते आता स्टेजच्या उंचीवर हमरीतुमरीवर आलं. तलावाचं नाव कुणी काढलं नाही. सुभद्राबाई दोनदा उठली, दोनदा तिच्याच जावेने पदर ओढून बसवलं. शेवटी ठरावाला हात वर झाले. ढिवरांतलेही बरेच झाले, नोकरीच्या आशेने. देवरावचा हात आधी खाली होता. मग आईकडे न बघता त्याने तो वर केला.

झेलर मला विचारत होते, "काय ठरतंय?"

"हॉल," मी म्हटलं.

"कसला हॉल?"

मग मी नियम मोडला आणि माझ्या स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या वतीने त्यांना सगळं सांगितलं. शेड, तलाव, ठराव. त्यांनी ऐकून घेतलं. टोपी डोक्यावर घातली. "आमच्याकडेही असंच झालं," एवढंच म्हणाले आणि जीपकडे चालू लागले. गळ्यातला झेंडूचा हार काढायचं त्यांच्या लक्षात आलं नाही.

परतताना देवस्थळे साहेब इतके खुशीत होते की त्यांनी मला सिगारेट देऊ केली. मी ओढत नाही, तरी घेतली.

"मेश्राम, मी तुमच्यावर चिडणार होतो," ते म्हणाले. "पण तुम्ही सरपंच म्हणालात तेच उत्तम झालं. महापौर म्हटलं असतं ना, तर लोकांनी त्याचं ऐकलं असतं!"

झेलर यांनी विचारलं, साहेब काय म्हणाले? मी सांगितलं, सभा चांगली झाली म्हणतात. नोकरीत मी मुद्दाम केलेलं चुकीचं भाषांतर ते एकच.

प्रेस चालू करून झेलर परत गेले. उन्हाळ्यात पाणी तळाला गेल्यावर ट्रॅक्टर लागले. मुरूम भरला गेला, शेड उभा राहिला. हॉलही झाला, स्टेजसकट. पंखे मात्र उद्घाटनानंतर दुसऱ्या कुठल्यातरी उद्घाटनाला गेले. सुभद्राबाई आता भंडाऱ्याकडून येणारे शिंगाडे ठोक घेऊन नागपुरात बर्डीच्या बाजारात टोपलीत विकते. मी दिसलो की पाव किलो जास्त टाकते आणि बोलत नाही. ते जास्तीचे शिंगाडे घरी सगळे खातात, मी हात लावत नाही, आणि आमची मंडळी म्हणते, फुकटाचं पचत नसेल तर घेता कशाला?

नोकऱ्यांचं असं झालं, की गेटवर वय विचारलं, शिक्षण विचारलं, आणि ढिवर घरं एकेक करून गळाली. पण तलाव म्हणजे गावातली सगळ्यांत खोल जागा. पावसाळा लागला की चारी बाजूंचं पाणी जमिनीखालून नव्या शेडमध्ये येतं आणि मशीनच्या फाउंडेशनमध्ये साचतं. ते उपसायला खड्ड्याशी पंप ठेवावा लागला आणि पंपावर तिन्ही पाळ्यांत माणूस. त्यातल्या एका पाळीला पाण्यात उभं राहायची सवय असलेला म्हणून देवरावला घेतलं. तो अजून तिथे आहे. भरल्या पावसात आईच्या तलावाचं पाणी उपसून नाल्यात सोडतो.

जर्मन पार्टनरला दरवर्षी रिपोर्ट जातो. त्यात एक ओळ आहे, की विस्तारासाठी ज्यांचं उत्पन्नाचं साधन गेलं, त्यांच्या कुटुंबातून कंपनीने आश्वासनाप्रमाणे भरती केली आहे. त्याचं जर्मन भाषांतर मीच केलं. दोनदा तपासलं. त्यात एकही चूक नाही.